पस्तीस की अठ्ठावीस

पुण्याहून खोकं आलं तेव्हा हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डाव्या हातात रबरी चेंडू होता. तो दिवसातनं कितीतरी वेळा दाबायचा, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. कुरियरवाल्यानं खोकं पुढं केलं. ह्यांनी उजव्या हातानं सही केली आणि खोकं न उघडताच मला हाक मारली.

"तुझं काहीतरी आलंय बघ."

माझ्या एकटीचं नव्हतं ते. आत दोन लेन्स होत्या, एक पस्तीसची आणि एक अठ्ठावीसची. पुण्यातला एक जुना कॅमेरेवाला ह्यांच्या तरुणपणापासूनच्या ओळखीचा. त्याला मी ह्यांना न विचारताच फोन केला होता. तो म्हणाला, दोन्ही पाठवतो, थोडे दिवस वापरून बघा, पसंत पडेल ती ठेवा आणि दुसरी परत करा. एवढा विश्वास तो आमच्यावर ठेवत होता तो ह्यांच्यामुळं.

ज्यांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांच्यासाठी या आकड्यांबद्दल थोडं सांगते. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते. पन्नासची लेन्स समोरच्या माणसाला बघते. पस्तीसची त्याच्याबरोबर त्याची खोलीही बघते. अठ्ठावीसच्या लेन्समध्ये दाराची चौकट आणि कोपऱ्यातला रांजणसुद्धा येतो. दुसरा आकडा असतो उजेडाचा, आणि तोही जितका लहान तितका उजेड जास्त. आलेल्या दोन लेन्सपैकी पस्तीसची एक पॉइंट चारची होती, अठ्ठावीसची दोनची. म्हणजे पूर्ण उघडली की पस्तीसची दुप्पट उजेड आत घ्यायची. आमच्याकडची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना या उजेडाची किंमत कळेल. वर माळवद नाहीतर पत्रा, भिंती जाड, खिडक्या लहान. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की काही वेळ माणसंच दिसत नाहीत.

हे भूमी अभिलेख खात्यात भूमापक होते. धाराशिव जिल्ह्यात असा तालुका नाही जिथल्या बांधावर ह्यांनी साखळी ओढली नाही. नोकरी लागली त्या काळात ह्यांनी एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला, रीळ घालायचा. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तो माझ्या हातात दिला आणि कसा चालवायचा ते शिकवलं. त्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक उजळ ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसते, थोडी सरकलेली. डाव्या हाताच्या बोटांनी लेन्सचं कडं फिरवायचं. दोन्ही प्रतिमा एकमेकीवर बसल्या की फोकस झाला. मला तेव्हा ते जमायला बरेच दिवस लागले. हे मागं उभे राहून म्हणायचे, घाई करू नको, दोघी आपोआप एक होतील.

मी कळंबच्या शाळेत भूगोल शिकवते. रीळ धुणं, वाळवणं यासाठी मला वेळ मिळायचा नाही, म्हणून निवृत्तीच्या वर्षी ह्यांनी माझ्यासाठी डिजिटल रेंजफाइंडर घेतला, तोही कुणाचा तरी वापरलेलाच. दोन्ही कॅमेऱ्यांची खाच एकच, त्यामुळं एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. आमच्याकडं लेन्स मात्र एकच होती, पन्नासची. रविवारी ती कुणाच्या कॅमेऱ्याला लागायची यावरून आमची भांडणं व्हायची, आणि ती भांडणं मला आवडायची. घरात मात्र ती लेन्स कुचकामी. पाठ भिंतीला टेकली तरी समोरचा माणूस अर्धाच यायचा.

ह्यांची एक इच्छा फार जुनी होती. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, भूमजवळ एका वाडीत खव्याची भट्टी चालवतात. नवऱ्यामागं ती त्यांनी एकटीनं चालवली. भट्टीची खोली अंधारी, धुरानं काळी पडलेली, आणि अशी अरुंद की कढईपुढं दुसरा माणूस उभा राहिला तर तिसऱ्याला जागा नाही. हे दर वर्षी म्हणायचे, एक उजेडाची वाइड लेन्स मिळू दे, मग आक्काची भट्टी काढतो. लेन्स महाग, आणि काहीतरी दुसरा खर्च आधी निघायचा. ते तसंच राहिलं.

मग गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून आरसा पडला. डाव्या बाजूवरून वारं गेलं होतं. लातूरला वेळेत पोचलो, म्हणून चालणं परत आलं, बोलणंही आलं. डाव्या हातात जोरही बराच आला. पण बोटांची जाणीव आली नाही. चहाचा कप धरतात, पण तो गरम आहे का गार ते ओठाला लागेपर्यंत कळत नाही. खिशात हात घातला तर हातात किल्ली आली का नाणं, हे बाहेर काढून बघावं लागतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी कॅमेरा हातात घेतला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांनी खिडकीतल्या तुळशीवर तो रोखला, डाव्या हातानं कडं फिरवायला गेले आणि बोटं कड्यावरून घसरली. परत लावली, परत घसरली. बोट कड्यावर आहे का नाही हेच त्यांना समजत नव्हतं. त्यांनी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घातला आणि लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवला. माझा कॅमेराही मग मला बाहेर काढवेना.

माघ संपता संपता वन्संचा फोन आला. त्यांच्या मुलानं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. लाकूड नको, धूर नको, बटण दाबलं की दूध आटतं. पाडव्यानंतर जुनी भट्टी पाडून तिथं यंत्राची खोली बांधणार होते. वन्संना त्याचं दुःख नव्हतं. धुरानं त्यांचे डोळे चुरचुरायचे, सुटले एकदाचे असंच त्या म्हणाल्या. फक्त फोन ठेवताना ह्यांना म्हणाल्या, "तू ते फोटू काढनार हुतास न्हवं?" हे "बघू" म्हणाले. त्याच दुपारी मी शाळेतून पुण्याला फोन केला.

खोकं उघडल्यावर हे खुर्चीतून उठून आले. पस्तीसची लेन्स जड, पितळेची, तळहातात मावेल एवढी पण दगडासारखी. तिचं कडं गुळगुळीत आणि जरा घट्ट. अठ्ठावीसची लहान होती, नव्या बनावटीची, आणि तिच्या कड्याखाली बोट अडकवायला एक छोटी खुंटी होती. ह्यांनी दोन्ही उजेडाकडं धरून बघितल्या. नंतर मला वाटलं होतं तसंच झालं, म्हणजे वाद सुरू झाला, आणि त्या वादानं मला बरं वाटलं.

मी म्हणाले, अठ्ठावीस ठेवू, खोली अरुंद आहे. हे म्हणाले, माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीत अठ्ठावीसची चौकटच नाही, पस्तीसची आहे. ते खरंच होतं. रेंजफाइंडरच्या खिडकीत पांढऱ्या रेषांच्या चौकटी असतात, चित्रात काय येणार ते दाखवणाऱ्या. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात त्या पस्तीसपासूनच सुरू होतात. मी म्हणाले, माझ्या कॅमेऱ्यात अठ्ठावीसची आहे. हे म्हणाले, आहे, पण तू चष्मा लावतेस, ती चौकट पार कडेला असते, तुला ती अर्धीच दिसणार. तेही खरं होतं. मी म्हणाले, पस्तीसची लेन्स एवढी मोठी की खिडकीचा खालचा कोपरा झाकते. हे म्हणाले, कोपऱ्यात काय सोनं ठेवलंय का.

संध्याकाळी मी दोन्ही माझ्या कॅमेऱ्याला लावून घरातच फोटो काढले. अठ्ठावीसचे स्वच्छ होते, कोपऱ्यापर्यंत धारदार. पस्तीसची जुन्या जमान्यातली. पूर्ण उघडली की दिव्याभोवती धुकं धरायची, कडा काळवंडायच्या. यंत्राच्या हिशेबानं ती उणी होती. पण देवघरातल्या निरांजनाचा फोटो मी बघत राहिले. ज्योतीभोवती जे मऊ वलय आलं होतं ते अठ्ठावीसच्या फोटोत नव्हतं. मनातून मला पस्तीसच हवी होती, आणि तोंडानं मी अठ्ठावीसची बाजू धरून बसले होते. कारण मी दिवसभर ह्यांचा हात बघत होते. पस्तीसच्या गुळगुळीत कड्यावर तो चालणार नव्हता. आणि एक पॉइंट चारला तर फोकस वीतभर चुकला तरी डोळ्याऐवजी कान धारदार येतो. रुंद लेन्स त्या मानानं माफ करते.

शनिवारी सकाळी गाडी ठरवून निघालो. वन्संनी बजावलं होतं, आधी सोनारीला देवाला जाऊन या, मग माझ्याकडं या. ह्यांच्या आजारपणात त्या काळभैरवाला काहीतरी नवस बोलल्या होत्या. देवळात गर्दी कमी होती. बाहेर माकडं नेहमीसारखी नारळवाल्यांच्या मागं. आत सभामंडपात गारवा आणि अंधार. ह्यांचाच हट्ट म्हणून मी ह्यांच्या कॅमेऱ्याला पस्तीसची लेन्स लावून, रीळ घालून, तो त्यांच्या गळ्यात अडकवला होता. त्यांनी अडकवू दिला.

खांबाजवळ एक म्हातारबुवा बसले होते, पांढरी दाढी, कपाळाला भंडारा. ह्यांनी खुणेनं विचारलं, काढू का? बुवांनी मान हलवली, पाठ ताठ केली आणि हात जोडले. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. डावा तळवा लेन्सखाली धरून बोटांनी कडं ढकललं. ते पुढं गेलं. मागं आणलं, जास्तच मागं आलं. मी बाजूला उभी होते. ठिपक्यातल्या दोन प्रतिमा एकमेकींना ओलांडून जात असणार, हे मला न बघताही कळत होतं. बुवा थांबले. पापणी न हलवता थांबले. मग त्यांचे हात हळूहळू खाली आले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांनी बटण दाबलंच नाही. "झालं बाबा, लई उपकार," असं म्हणून वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

गाडीत बसल्यावर त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आक्काकडं मी नुसता येतो. तू काढ. पस्तीस लाव तुझ्या कॅमेऱ्याला."

मी लेन्स बदलली. पस्तीसची माझ्या कॅमेऱ्याला लावली, अठ्ठावीसची त्यांच्या. त्यांचा कॅमेरा मी माझ्याच गळ्यात ठेवला.

वाडीवर पोचलो तेव्हा संध्याकाळचं दूध येत होतं. मोटारसायकलला अडकवलेले कॅन उतरत होते. वन्संनी आम्हाला बघितलं आणि हातातलं माप मुलाकडं देऊन पुढं आल्या. कडक घडीचं नवं अंजिरी लुगडं, डोक्यावर पदर. भट्टीवर असं लुगडं कुणी नेसत नाही. मी कॅमेरा काढला तसं त्यांनी माझ्याकडं आणि मग भावाकडं बघितलं.

"वैनी काढनार व्हय?" त्यांनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "हात चालत न्हाय आक्का."

"मला काय ठावं न्हाय का ते," त्या म्हणाल्या. "पर तू येनार म्हनून म्या हे नवं नेसले. वैनीच काढनार हुत्या तर जुन्यावर भागलं असतं."

त्या एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. रागावल्या होत्या का थट्टा करत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांच्या तोंडावर मात्र पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी त्यांचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात घातला.

आत जाळ पेटला होता. कढईत दूध उकळत होतं आणि वाफ पत्र्यापर्यंत जाऊन परत खाली उतरत होती. वन्सं लांब दांड्याचं उलथणं दोन्ही हातांनी धरून ढवळायला लागल्या. उजेड होता तो चुलीचा आणि दाराचा, बाकी काळोख. मी दाराशी एका अंगाला उभी राहिले. हे दुसऱ्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि सवयीनं डावा हात लेन्सकडं नेला. मी दुसरीकडं बघायला लागले.

पुन्हा बघितलं तेव्हा ते कॅमेरा डोळ्याला लावून उभे नव्हते. त्यांनी तो छातीवर तसाच लोंबता ठेवला होता आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं लेन्सवरची खुंटी सरकवत होते. लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असतात, फुटांत आणि मीटरमध्ये. ते आकड्याकडं बघत होते, मग वन्संकडं, परत आकड्याकडं. ज्या माणसानं सारा जन्म जमीन मोजली त्याला बहिणीचं अंतर मोजायला ठिपका कशाला लागतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नव्हतं. त्यांच्याही आलं नव्हतं बहुतेक, त्या क्षणापर्यंत. खुंटी एका जागी आणून त्यांनी सोडली. मग उजव्या हातानं कॅमेरा उचलला. डावा हात नुसता खालून आधाराला, कप धरतात तसा.

"आक्का, हलू नको," ते म्हणाले.

"हलू नको कसं? खवा खाली लागंल की."

वन्सं ढवळत राहिल्या. उलथणं पुढं ढकलताना त्या कढईवर वाकत, ओढताना मागं झुकत. ह्यांनी थोडा वेळ नुसतं बघितलं. मग अर्धं पाऊल पुढं सरकले, भिंतीचा आधार सोडून, आणि वन्सं मागं झुकल्या की बटण दाबायला लागले. लेन्सला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. माणूस फोकसमध्ये येईपर्यंत ते थांबायचे. चौकट त्यांच्या खिडकीत नव्हतीच, तर सगळी खिडकी म्हणजेच चौकट असं धरून चालले होते. अठ्ठावीसला ते साधारण जुळतं. वाफेनं काच धूसर झाली की कॅमेरा माझ्यापुढं धरायचे, मी पदरानं पुसायची.

भावाबहिणीचं बोलणं चालूच होतं. कुणाच्या म्हशी विकल्या, यंत्राला वीज टिकेल का, लहानपणी ह्यांनी गरम खव्यात बोट घातलं होतं आणि आक्कानं ते स्वतःच्या तोंडात धरलं होतं, असं काहीबाही. मी त्यांच्या बोलण्यात पडले नाही. पस्तीसची लेन्स पूर्ण उघडून मी ह्यांचा एक फोटो काढला. जाळाचा उजेड त्यांच्या अर्ध्या तोंडावर, कॅमेऱ्यामागं मिटलेला एक डोळा, खाली ओंजळीसारखा डावा हात.

कळंबला आल्यावर तो फोटो मी संगणकावर उघडला आणि मला पस्तीसची लेन्स सोडवेना. मागचा काळोख मऊ वितळला होता, वाफेला आतून उजेड फुटल्यासारखा दिसत होता. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. मग आत गेले. मी उठून गेले तर ते अठ्ठावीसची लेन्स खोक्यात ठेवत होते.

"पस्तीस ठेवू," ते म्हणाले. "असा फोटो अठ्ठावीसनं आला नसता."

"ती परत काढा."

"तुला पस्तीसच आवडलीय. पहिल्या दिवसापासनं."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "फोटोसाठी मागवल्या नव्हत्या मी या लेन्स. तुमचा कॅमेरा कपाटातून बाहेर यावा म्हणून मागवल्या."

"ठाऊक हाय मला. खोकं आलं तवाच कळलं," ते म्हणाले. "तुझ्या कॅमेऱ्याला अंधार कुठं अडवतोय? आकडा वाढवला की त्याला रात्रीचंही दिसतंय. उजेडाची लेन्स लागती ती रिळाला."

ते बरोबर होतं. डिजिटलमध्ये उजेड कमी असला तर संवेदनशीलता वाढवता येते. रिळाच्या कॅमेऱ्यात एकदा चारशे संवेदनशीलतेची फिल्म घातली की ती संपेपर्यंत चारशेच. माझ्या कॅमेऱ्यासाठी कुणी उजेडाची लेन्स मागवत नाही, हे ह्यांच्यासारख्या माणसापासून लपणार कसं?

"पण काठी दिल्यासारखी लेन्स नको मला," ते म्हणाले. ते शब्द त्यांनी शांतपणे उच्चारले. मी कुकर लावायला गेले. जेवताना तेच म्हणाले, आधी रीळ धुऊ, त्यात काही आलं असलं तर बोलू.

पूर्वी रीळ ते एकटे धुवायचे. धुवायच्या डब्यात फिल्म गुंडाळायचं काम अंधारात, नुसत्या बोटांच्या जाणिवेवर करावं लागतं. ते आता त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. काळ्या कापडाची एक पिशवी असते, तिच्या बाह्यांतून मी दोन्ही हात आत घातले. हे शेजारी खुर्चीवर बसून सांगत होते. कडेला बोटानं चाचप, खाच लागली का, आता थोडी वाकव, जोर करू नको, अडली तर मागं घे. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नव्हतं. एकदा फिल्म अडकली आणि माझ्या कपाळाला घाम आला. ते म्हणाले, "घाई करू नको." लग्नानंतरच्या त्या पहिल्या उन्हाळ्यातला आवाज होता तो. फिल्म सुटली आणि सरळ बसली.

वाळल्यावर रीळ खिडकीला धरून बघितलं. निम्म्याहून जास्त फोटो हललेले किंवा फोकस चुकलेले. एकात वन्संचा हात कडेला येऊन भलताच लांब ताणलेला. ह्यांनी भिंग लावून एकेक बघितला. काहींवर थांबले, पुढं गेले, परत मागं आले. मग भिंग माझ्या हातात दिलं. त्या फोटोत वन्सं मागं झुकल्या होत्या आणि काहीतरी बोलत होत्या, भावाकडं बघून. चेहरा धारदार. बाजूला कढई, वर वाफ, डाव्या अंगाला दाराची उजळ चौकट आणि तिच्यात कॅन घेऊन येणारं कुणीतरी. सगळी भट्टी त्यात मावली होती. पन्नासनं ते कधीच आलं नसतं, पस्तीसनंही दार बाहेर राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर टेबलावर खोकं बांधून तयार होतं आणि त्यावर पुण्याचा पत्ता ह्यांच्या अक्षरात होता. आत पस्तीसची होती.

"वाईट वाटतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय," मी म्हणाले.

"मलाबी," ते म्हणाले आणि माझ्याकडं चिकटपट्टी मागितली.

पाडव्यानंतर आम्ही वन्संना फोटो नेऊन दिले. भट्टी तोवर पाडलेली होती. फोटो बघताना त्यांनी मुलाला चष्मा आणायला लावला. आम्हाला आवडलेला त्यांनी पटकन मागं सारला, तोंड उघडं आलंय म्हणून. त्यांना आवडला तो हात ताणलेला. "हा खरा आलाय," म्हणाल्या. "खांदे असेच दुखायचे." तो त्यांनी यंत्राच्या खोलीत लावला आहे. यंत्र चांगलं चालतं. वन्सं आता खुर्चीवर बसून लक्ष ठेवतात आणि मुलगा चव कमी पडते म्हणून त्यांना विचारत असतो.

अठ्ठावीसची लेन्स बहुतेक ह्यांच्याच कॅमेऱ्यावर असते. जुनी पन्नासची माझ्याकडं आली. डाव्या हाताला काही फरक पडलेला नाही. कधी फोटो एका ओळीनं चांगले येतात, कधी अख्खं रीळ वाया जातं आणि दोन दिवस ते कुणाशी धड बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात तामलवाडीला माझ्या भावाच्या नातीचं बारसं होतं. ह्यांनी आदल्या दिवशी स्वतःच रीळ घातलं. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. बारशाच्या खोलीत बायकाच बायका. हे दाराशी अंग चोरून उभे होते. पाळण्याखालून बाळ इकडून तिकडं दिलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि ते शांतपणे एकामागून एक फोटो काढत होते. त्यांच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. मला इतकं समाधान वाटत होतं की मी माझा कॅमेरा काढलाच थोडा उशिरा.

परतीच्या एसटीत ह्यांनी रीळ गुंडाळायला घेतलं. दोन फेऱ्यांतच चावी सैल फिरली आणि हात थांबला. त्यांनी कॅमेरा कानाशी नेला, मग मागचं झाकण सरळ उघडलं. फिल्मचं टोक चकतीत अडकलंच नव्हतं. सगळी फिल्म डबीत होती तशीच होती. दिवसभरात एकही फोटो निघाला नव्हता.

मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. येडशीचा घाट मागं पडेपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

मग ते म्हणाले, "बघू तुझे." मी माझा कॅमेरा दिला. त्यांनी पडद्यावरचे फोटो एकेक करून पुढं सरकवले. शेवटी एकावर थांबले. त्यात माझी भावजय बाळाची कुंची बांधत होती.

"हा बरा आलाय," ते म्हणाले. "पण तू जरा मागं सरकायला हवं होतंस."

"मागं भिंत होती," मी म्हणाले.